तबकडीवर न छापलेली नावे

(नभोवाणीवरील भाषण)

आवडत्या गाण्याचा विषय निघाला की अबोल माणसालाही वाचा फुटते. एरवी दोन शब्दांपलीकडे न बोलणारे गृहस्थ लताबाईंच्या एखाद्या जुन्या गीताची आठवण निघताच खुर्ची पुढे ओढून बसतात आणि चित्रपट कोणता, साल कोणते, चाल कोणाची, शब्द कोणाचे आणि पडद्यावर ते गाणे कोणाच्या तोंडी होते, हे सारे न अडखळता सांगू लागतात. चित्रपटगीतांच्या रसिकाचे ज्ञानभांडार साधारणतः या पाच प्रश्नांच्या उत्तरांनी भरलेले असते. त्या उत्तरांवर त्याचे प्रेम असते, अभिमान असतो, आणि प्रसंगी त्यांपायी तो मित्रांशी हमरीतुमरीवरही येतो.

आज मला सहाव्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. तो प्रश्न असा की, गाणाऱ्या आवाजाच्या मागे, पुढे आणि खाली जे वाजत असते ते कोणी रचले आणि कोणी वाजवले? मी संगीतशास्त्राचा पंडित नव्हे. चित्रपटगीतांवर मनापासून जीव असलेला एक श्रोता, एवढाच माझा अधिकार. परंतु श्रोत्याचा अधिकार आपण समजतो तितका क्षुल्लक नाही, आणि आपल्या चित्रपटसंगीताच्या इतिहासातच त्याचा पुरावा सापडतो.

1949 साली ‘महल’ नावाचा चित्रपट आला. त्यातील एका गीताने श्रोत्यांना अक्षरशः वेड लावले. आरंभीच्या ओळी तालाविना, दुरून आल्यासारख्या ऐकू येतात आणि मग हळूहळू आवाज जवळ येतो. हा परिणाम साधण्यासाठी गायिकेने ध्वनिग्राहकापासून लांब उभे राहून, गात गात त्याच्याकडे चालत यावे, अशी युक्ती योजली होती. संगीतदिग्दर्शक होते खेमचंद प्रकाश, आणि गायिका होती जेमतेम वीस वर्षांची एक मुलगी. पण बाजारात आलेल्या तबकडीवर तिचे नाव नव्हते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिथे चित्रपटातील पात्राचे नाव होते, ‘कामिनी’. श्रोत्यांना हे पुरेसे वाटले नाही. रेडिओकडे विचारणा सुरू झाल्या, की ही गाते कोण? अखेर रेडिओने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडून नाव मिळवले आणि ते श्रोत्यांना सांगितले. ते नाव लता मंगेशकर. पार्श्वगायकाचे नाव तबकडीवर छापण्याचा रिवाज त्या सुमारास रूढ होत गेला, त्याला श्रोत्यांच्या या कुतूहलाचा मोठाच आधार मिळाला.

पुढे आणखी एक पायरी आली. फिल्मफेअर पुरस्कारांत आरंभी संगीतदिग्दर्शकाला मान होता, पण गीत लिहिणाऱ्याला आणि पडद्यामागून गाणाऱ्याला नव्हता. ‘चोरी चोरी’ या चित्रपटाच्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार मिळाला, तेव्हा समारंभात त्यातले गीत गाण्याची विनंती लताबाईंना करण्यात आली आणि त्यांनी ती नाकारली. गायकाला पुरस्कार नसेल तर गायकाने समारंभात गावे का, असा त्यांचा सवाल होता. 1959 पासून पार्श्वगायनासाठी आणि गीतलेखनासाठी पुरस्कार सुरू झाले, आणि गायनाचा पहिला पुरस्कार ‘मधुमती’तील गीतासाठी लताबाईंनाच मिळाला.

म्हणजे गायिकेचे नाव आपल्याला आज जितके सहज माहीत असते तितके ते एके काळी नव्हते. कोणी तरी विचारले म्हणून ते पुढे आले. वादकांच्या आणि वाद्यरचना करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र पुरेशा श्रोत्यांनी तसे विचारले नाही, आणि म्हणून ती नावे मागेच राहिली.

आता हे मागे राहिलेले लोक नेमके करीत काय, ते पाहू. त्या काळी गाणे जन्माला येई ते संगीतदिग्दर्शकाच्या बैठकीच्या खोलीत. एक पेटी, एक तबला किंवा ढोलक, समोर गीतकार, कोपऱ्यात निर्माता. चाल ठरे, शब्द बसत. पण हे झाले गाण्याचे अस्थिपंजर. मुखड्याच्या आधी काय वाजावे, दोन कडव्यांच्या मधली जागा कशाने भरावी, आवाजाच्या पाठीमागे व्हायोलिनांनी कोणती वाट धरावी, कुठे बासरीने उत्तर द्यावे आणि कुठे सर्वांनी मौन पाळावे, हे सारे ठरायचे असे. संगीतदिग्दर्शकाच्या कल्पना समजून घेऊन, त्यांत स्वतःची भर घालून, प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र कागदावर पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन करून देणारा जो जाणकार असे, त्याला या व्यवसायात ‘अरेंजर’ म्हणत. आपण त्याला वाद्यरचनाकार म्हणू.

मग ध्वनिमुद्रणाचा दिवस उजाडे. दालनात चाळीस-पन्नास वादक, कधी त्याहूनही अधिक. सुटे सुटे तुकडे नोंदवून नंतर जोडण्याची आजची सोय त्या वेळी नव्हती. गायक आणि सारा वाद्यमेळ एकाच वेळी, आरंभापासून शेवटपर्यंत. तीन मिनिटे होऊन गेल्यावर शेवटच्या कडव्यात एका व्हायोलिनवाल्याचा गज चुकला, तरी सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांपेक्षा फारसे मावत नसे, म्हणून प्रत्येक सेकंदाचा हिशेब आधीच कागदावर मांडावा लागे. ज्या गाण्याला आपण ‘सहज’ म्हणून गौरवतो, ती सहजता अशी घासूनपुसून तयार केलेली असे. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचे काम याहून कठीण. समोर पडद्यावर चित्र धावत असे आणि नायिकेने दार उघडले की त्याच क्षणी व्हायोलिनांनी उठायचे.

हे काम ज्यांना येत होते त्यांत गोमंतकातून मुंबईला गेलेल्या वादकांची संख्या फार मोठी होती. याचे कारण आपल्या भूमीच्या इतिहासात आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला, समूहात गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. शिकवणाऱ्याला ‘मेस्त’ म्हणत, आणि त्याची छडी व्हायोलिनच्या गजाइतकीच प्रसिद्ध असे. हेतू धार्मिक होता, प्रार्थनागीतांसाठी गायक-वादक हवे होते. परंतु त्या शिक्षणातून कागदावरचे स्वर वर्तमानपत्रासारखे वाचणारी माणसे तयार झाली. पोटापाण्यासाठी ती मुंबईला गेली, हॉटेलांतून आणि नृत्यगृहांतून वाजवू लागली. पुढे मुंबई राज्यात 1949 च्या कायद्याने दारूबंदी आली आणि रात्रीच्या मैफली ओसरू लागल्या. त्याच सुमारास हिंदी चित्रपटांना मोठमोठे वाद्यमेळ हवे होते. गरज आणि गुण यांची अशी गाठ पडली.

त्यांतली काही नावे आज घेतलीच पाहिजेत. मांडवीच्या पलीकडच्या तीरावरील रेइश मागुशचे सेबास्तियन डिसोझा हे पहिले. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवणारा हा माणूस मुंबईला आला आणि ओ. पी. नय्यर व विशेषतः शंकर-जयकिशन यांचा वाद्यरचनाकार म्हणून त्याने सुमारे दोन दशके काम केले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यात व्हायोलिनांचा जो मोठा लोट येतो, आणि गायिका आपली चाल गात असताना तिच्या पोटातून जी दुसरी चाल मंदपणे वाहत असते, तिच्या मागे सेबास्तियन यांचा कागद आणि लेखणी होती. याच जोडीकडे तालाची बाजू सांभाळणारे दत्ताराम वाडकर होते. त्यांच्या ढोलकाच्या एका विशिष्ट ठेक्याला वादकमंडळीत ‘दत्ताराम ठेका’ असे नावच पडले.

दुसरे हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ. या नावाने त्यांना कोणी ओळखणार नाही, कारण मुंबई त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणे. ट्रम्पेट हे त्यांचे वाद्य आणि जाझ हा त्यांचा प्राण. 1951 च्या ‘अलबेला’मध्ये सी. रामचंद्र यांच्या संगीतात बोंगो, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांचा जो जल्लोष आहे त्यात त्यांचा मोठा वाटा होता. विशेष म्हणजे झालरीचे झगमगीत कपडे घातलेले चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह त्या चित्रपटातील नृत्यगीतात पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात. हजारोंनी ते दृश्य पाहिले. पण नाचणाऱ्या भगवानदादांवरून नजर काढून ‘हा ट्रम्पेटवाला कोण?’ असे विचारणारे थोडेच निघाले. 1967 साली ते निवर्तले.

तिसरे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. 1943 च्या सुमारास ते मुंबईस आले आणि उत्तम व्हायोलिनवादक व शिक्षक म्हणून नावारूपास आले. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतून प्रसिद्धी पावलेले प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. राहुल देव बर्मन यांनीही त्यांच्याकडे धडे घेतले. या माणसाला एक मोठे स्वप्न पडले होते. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य सिंफनीचा वाद्यवृंद यांचा खरा संयोग घडवावा, तडजोडीचा नव्हे. त्यासाठी 1958 साली त्यांनी स्वतः ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला, शंभरावर वादक जमवले आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्यात गायला बोलावले. प्रयत्न मोठा होता, पण तो टिकवण्याइतका आश्रय लाभला नाही. 1965 साली ते अमेरिकेला गेले, कालांतराने परतले आणि आपल्या गावी शांतपणे राहिले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चन यांच्या पात्राला त्यांचे संपूर्ण नाव मिळाले, ही प्यारेलालांनी आपल्या गुरूला वाहिलेली दक्षिणा होय. तेव्हापासून देशातील पोराटोरांच्या तोंडी ते नाव आहे. परंतु त्या नावाचा खराखुरा माणूस 2012 सालापर्यंत माजोर्ड्यात राहत होता, हे किती जणांना ठाऊक असेल?

श्रोतेहो, इथे मला आपल्या मराठी वाचणाऱ्या-बोलणाऱ्या गोमंतकीयांना विशेष काही सांगायचे आहे. मास्टर दीनानाथांचा जन्म 1900 साली मंगेशीचा. त्या देवस्थानाच्या गावावरून त्यांनी आडनाव घेतले आणि ते आडनाव घेऊन त्यांच्या कन्या पार्श्वगायनाच्या शिखरावर पोचल्या. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची नावे आपण घेतो. संगीतदिग्दर्शक एन. दत्ता, म्हणजे ‘धूल का फूल’ला संगीत देणारे दत्ता नाईक, हेही आपलेच, असे आपण आवर्जून नमूद करतो. देवळाच्या चौकातून आणि नाटकाच्या रंगमंचावरून निघालेला हा प्रवाह आपल्या परिचयाचा आहे. पण त्याच भूमीतून, दोन-चार कोसांच्या अंतरावरून, चर्चच्या शाळेतून दुसरा प्रवाह निघाला आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळेत दोन्ही एकत्र मिळाले. मंगेशीचा सूर गात होता आणि माजोर्ड्याचे, हळदोण्याचे, रेइश मागुशचे हात त्याला साथ करीत होते. ज्या गाण्यावर आपण जीव टाकतो ते या दोन्हींचे अपत्य आहे. त्यातल्या एकाच बाजूचे गोत्र पाठ करून आपण थांबलो, तर आपण आपल्याच घराचा अर्धा इतिहास पुसून टाकतो.

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. पाश्चात्त्य वाद्यांच्या या गर्दीने आपल्या संगीताचे रूप बिघडले, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. 1952 साली नभोवाणी खाते सांभाळणाऱ्या डॉ. बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती, त्यामागे हाच विचार होता. केसकरांचा हेतू वाईट नव्हता. शास्त्रीय संगीत घराघरांत पोचावे ही त्यांची तळमळ प्रामाणिक होती आणि त्या धोरणाचा शास्त्रीय कलावंतांना लाभही झाला. पण श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला, बुधवारी रात्री अमीन सायानींचा आवाज ऐकण्यासाठी ते ताटकळू लागले, आणि अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. पुन्हा एकदा श्रोत्यांच्या आवडीने वाट पालटली.

आक्षेपाचे खरे उत्तर गाण्यातच आहे. ज्या ‘अलबेला’त ट्रम्पेट आणि बोंगो धुमाकूळ घालतात, त्याच चित्रपटात पिलू रागाच्या छायेतली एक अंगाई आहे आणि तिथे तीच वाद्ये पाळण्याची दोरी ओढावी इतक्या हळुवारपणे बाजूला होतात. ज्या शंकर-जयकिशन यांच्याकडे व्हायोलिनांचा ताफा होता, त्यांनीच 1956 च्या ‘बसंत बहार’साठी पंडित भीमसेन जोशी यांना गायला बोलावले. वाद्यरचनाकाराचे कसब वाद्ये वाढवण्यात नसते, रागाला धक्का न लावता त्याच्याभोवती घर बांधण्यात असते. कुठे हे साधले, कुठे फसले. पण फसलेल्या गाण्यांचा दोष वाद्यवृंदावर आणि साधलेल्यांचे श्रेय मात्र गायकाला, ही वाटणी न्यायाची नाही. यात संगीतदिग्दर्शकाचे मोठेपण कमी करण्याचाही माझा हेतू नाही. चाल त्याची, निवड त्याची, अखेरचा शब्द त्याचा. सलील चौधरींसारखे काही जण तर पाश्चात्त्य संगीताचे स्वतःच उत्तम जाणकार होते. माझे म्हणणे इतकेच की मानाच्या पंगतीत अजून काही पाने मांडली पाहिजेत.

मग रसिकाने करावे काय? पहिली गोष्ट, आपले सर्वांत आवडते एक गाणे घ्यावे आणि ते चार वेळा ऐकावे. पहिल्यांदा नेहमीप्रमाणे, आवाजासाठी. दुसऱ्यांदा फक्त मुखड्यापूर्वीचा आणि दोन कडव्यांमधला भाग लक्ष देऊन ऐकावा आणि दोन्ही मधले भाग सारखेच आहेत की वेगळे, ते पाहावे. बहुधा ते वेगळे असतील, आणि पुढच्या कडव्याची मनःस्थिती आधीच सांगून ठेवणारे असतील. तिसऱ्यांदा गायिका गात असताना कान तिच्यावरून काढून तिच्या पाठीमागे न्यावेत. तिथे व्हायोलिने काय म्हणतात, ओळ संपताच बासरी किंवा अकॉर्डियन कोणता होकार भरते, ते टिपावे. चौथ्यांदा तालाकडे आणि खर्जातल्या वाद्याकडे लक्ष द्यावे. एवढे केल्यावर पाचव्यांदा ते गाणे पूर्ण ऐकले म्हणजे पाठ असलेले गाणे प्रथमच ऐकतो आहोत असे वाटेल. प्रेम कमी होणार नाही, याची मी हमी देतो.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. त्या काळच्या वादकाला त्या दिवसाच्या कामाचे पैसे मिळत आणि तिथे त्याचा गाण्याशी संबंध संपे. हाताने लिहिलेले ते स्वरांचे कागद बहुतेक ठिकाणी कोणी जपून ठेवले नाहीत. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने पडद्यामागच्या या वादकांना भेटून 2008 साली त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जाझयुगाचा इतिहास 2012 साली लिहिला. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत आणि दोन्ही मोलाचे आहेत. पण त्या पिढीतील बहुतेक वादक आता हयात नाहीत. लताबाई 2022 साली गेल्या, अमीन सायानी 2024 साली गेले. त्यांच्याविषयी लिहायला हजार लेखण्या सरसावल्या, आणि ते योग्यच झाले. परंतु तिसऱ्या रांगेत बसून त्याच गाण्यात व्हायोलिन वाजवणारा गृहस्थ सासष्टीच्या एखाद्या वाड्यावर निवर्तला, तर त्याच्याबरोबर त्या गाण्याचा एक साक्षीदार जातो आणि त्याची नोंद राहत नाही.

आज जुनी गाणी ऐकणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर ‘अलबेला’तले ते नृत्यगीत केव्हाही पाहता येते, थांबवता येते, मागे नेता येते. पण त्या पडद्यावरही गायक, संगीतदिग्दर्शक आणि फार तर गीतकार यांचीच नावे बहुधा येतात. साधने बदलली, यादी तीच राहिली. ती बदलणे आपल्या हाती आहे. आपल्या गावात, शेजारच्या वाड्यात, मुंबईच्या चित्रपटांत वाजवून आलेला कोणी वृद्ध असेल, किंवा त्याचे कुटुंबीय असतील, तर एक दिवस त्यांच्याकडे जावे. कोणत्या गाण्यात काय वाजवले ते विचारावे, आठवणी लिहून घ्याव्यात, भिंतीवरच्या छायाचित्रातील माणसांची नावे मागल्या बाजूस लिहून ठेवावीत. शाळा-महाविद्यालयांच्या संगीतमंडळांनी हे काम अंगावर घेतले तर दोन-तीन वर्षांत गावोगावची एक यादी तयार होऊ शकेल. आणि नभोवाणीवर गाणी सादर करणाऱ्या निवेदकांना माझी विनंती आहे, की वाद्यरचनाकाराचे किंवा मुख्य वादकाचे नाव जिथे खात्रीने ठाऊक असेल तिथे ते गायकाच्या नावासोबत घ्यावे. त्याला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागणार नाही.

1949 साली आपल्या वाडवडिलांनी रेडिओला एक साधा प्रश्न विचारला होता, ही गाते कोण? त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि ते साऱ्या देशाने कृतज्ञतेने लक्षात ठेवले. तसाच दुसरा प्रश्न विचारण्याची पाळी आता आपली आहे. आज रात्री आपल्या आवडीचे गाणे लागेल तेव्हा तो आपल्या मनात यावा, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.